खाडीचे फोटो दुधाळ येतात? कॅमेरा दुरुस्तीला टाकण्याआधी हे तपासा

नवी मुंबईत वाशीचं सागर विहार, ऐरोली, दिवाळे गावची जेट्टी, नेरुळच्या पाणथळ जागा, इकडे ठाण्यात मीठबंदर, कोलशेत, गायमुख. खाडीकाठी फोटो काढणाऱ्यांची एक तक्रार दर पावसाळ्यात परत येते: "सगळं पांढरट येतंय, लेन्स गेली वाटतं." मग कॅमेरा घेऊन माणूस दुकान गाठतो. आमच्या गटातले असे बरेच कॅमेरे मी हातात घेऊन पाहिले आहेत आणि त्यातल्या बहुतेकांत दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. दोष काचेच्या तापमानात होता, काचेवरच्या मिठात होता, मधल्या हवेत होता किंवा निवडलेल्या वेळेत होता. खरोखर बिघडलेली लेन्सही असते, पण तिची पाळी सगळ्यात शेवटी येते.

आधी लक्षणं नीट बघा

दुधाळ फोटो सगळे सारखे नसतात. त्या दिवसाचे फोटो वेळेच्या क्रमाने लावा आणि मोठ्या पडद्यावर बघा.

पहिले फोटो अगदी पांढरे, मधोमध जास्त, आणि पुढे हळूहळू सुधारत गेलेले असतील, तर काचेवर दव धरलं होतं.

जवळची होडी, दोरखंड, तिवरांची पानं स्वच्छ आणि लांबचे डोंगर, इमारती तेवढ्या पुसट असतील, तर धुरकटपणा हवेत आहे.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळ्यावर सारखाच पातळ पांढरा थर, आणि संध्याकाळी पुलावरच्या दिव्यांभोवती मोठी प्रभावळ असेल, तर पुढच्या काचेवर मीठ किंवा बोटांचे ठसे आहेत.

एकाच जागेवरून लागोपाठ काढलेल्या फोटोंत लांबच्या पक्ष्यांच्या कडा दर वेळी वेगळ्या वेड्यावाकड्या दिसत असतील, तर ती चिखलावरून उठणारी गरम हवा आहे.

आकाशात दर फोटोत त्याच जागी करडे ठिपके असतील, तर सेन्सरवर धूळ आहे.

आणि घरात, खाडीपासून लांब, साध्या उजेडातही फोटो फिके येत असतील, तर लेन्सच्या आत काहीतरी आहे. हे तपासायला फार सोपा उपाय आहे. खिडकीजवळच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढा, खिडकी पाठीशी ठेवून. काळे आकडे कुळकुळीत काळे आले तर लेन्स बहुधा ठणठणीत आहे. तेही राखाडी आले तर खालचे शेवटचे दोन भाग आधी वाचा.

झाकण काढण्याआधी समोर बघा

याला ना पैसा लागतो ना वेळ. सागर विहारला उभं राहून पलीकडचे, मुंबईच्या ट्रॉम्बे-चेंबूर बाजूचे डोंगर बघा, मीठबंदरावरून पारसिकचा डोंगर बघा. डोंगराची कड आणि त्यावरची झाडी नुसत्या डोळ्यांना वेगवेगळी दिसत नसेल, तर कुठलीही महागडी लेन्स ती दाखवणार नाही. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची तुलनेने उबदार असते, त्यामुळे शहराचा धूर आणि धूळ खालीच कोंडून राहते. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी खाडीवर जो दुधी पडदा दिसतो, त्यात धुक्यापेक्षा या धुराधुळीचाच भाग बरेचदा मोठा असतो.

अशा दिवशी लांबचं दृश्य सोडून द्या. एखादी नांगरलेली होडी, जाळं, तिवरांची वर आलेली मुळं घ्या आणि मागचं पुसट राहू द्या. तो पुसटपणाच चित्राला खोली देतो. लांबचं स्वच्छ हवं असेल तर पावसाची मोठी सर ओसरल्यानंतरचा तास-दोन तासांचा वेळ धरा. पावसाने हवा धुऊन निघालेली असते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पाऊस जाता जाता, जी संध्याकाळ मिळते तिच्यासाठी मी बाकीची कामं पुढे ढकलतो.

पोलरायझर (लेन्सपुढे लावून फिरवायचा, चमक कापणारा फिल्टर) असेल तर तो धुरकटपणा थोडा कापतो, पण सूर्य तुमच्या बाजूला, म्हणजे काटकोनात असेल तेव्हाच. सूर्य समोर किंवा थेट पाठीशी असेल तर त्याचा उपयोग जवळपास शून्य, आणि उजेड मात्र दीड-दोन स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). गायमुखला खाडी उत्तरेकडे आहे, तिथे सकाळ-संध्याकाळ ऊन बाजूने येतं, त्यामुळे तो कामाला येतो. वाशीला सूर्यास्त समोर धरून उभे असाल तर काढून खिशात ठेवा.

एसी आणि दव: दहातल्या बहुतेक तक्रारी इथेच संपतात

पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेचा दवबिंदू साधारण २४-२५ अंश सेल्सिअस असतो. म्हणजे या तापमानाखाली थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर हवेतलं पाणी जमणारच. आता तुमच्या गाडीतला एसी किती अंशांवर असतो ते आठवा. ठाण्याहून ऐरोलीमार्गे वाशीला येईपर्यंत २० अंशांच्या गार हवेत मागच्या सीटवर ठेवलेली बॅग आतपर्यंत गार होते. उतरलात, कॅमेरा काढला, आणि अर्ध्या मिनिटात पुढची काच पांढरी.

इथे लोक जे करतात त्यानेच काम वाढतं. पहिली प्रतिक्रिया असते रुमालाने पुसणं. पुसलं की एक क्षण स्वच्छ दिसतं आणि परत दव धरतं, कारण काच अजून गारच आहे. शिवाय त्या ओल्या काचेवर खाडीचं मीठ आणि रस्त्याची धूळ बसलेली असते, ती घासली जाते. दुसरी गोष्ट म्हणजे झूम पुढेमागे फिरवून "साफ होतंय का" बघणं. बाहेर येणारी झूम लेन्स प्रत्येक फेरीला बाहेरची दमट हवा आत ओढते आणि मग दव आतल्या काचांवर धरतं, जिथे तुमचा रुमाल पोचत नाही. तिसरी आणि सगळ्यात वाईट: "ही लेन्स खराब झाली, दुसरी लावू" म्हणून तिथेच लेन्स बदलणं. त्याने गार सेन्सर दमट हवेत उघडा पडतो.

उपाय एवढाच की कॅमेरा बंद ठेवून गरम होऊ द्यायचा. एसीतून बाहेर काढण्याआधी तो झिपवाल्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, झिप लावा. दव मग पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरतं. छोट्या कॅमेऱ्याला वीसेक मिनिटं पुरतात, मोठ्या टेलिलेन्सला चाळीसही लागतात. पिशवीवरचं पाणी सुकलं आणि आतली लेन्स हाताला गार लागेनाशी झाली की उघडा. तोवर जागा फिरून बघा, ट्रायपॉड लावा, पाणी चढतंय की उतरतंय ते बघा.

त्याहून बरं म्हणजे थांबायची वेळच येऊ न देणं. पहाटे निघायचं असेल तर बॅग रात्री एसीच्या खोलीत ठेवू नका, बाहेर हॉलमध्ये ठेवा. गाडीत ती डिकीत टाका आणि पोचायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी एसी बंद करून काचा खाली करा. घरचे कुरकुरतील, पण फोटो वाचतील. एसी २६-२७ वर असेल तर दव धरण्याचा प्रश्न बहुतेक येतच नाही, आणि हे पटवणं त्या मानाने सोपं.

फोनलाही हेच लागू. फरक इतका की फोनच्या कॅमेऱ्याच्या काचेच्या *आत* वाफ दिसली, तर आत ओल शिरलेली आहे. फोन पाण्याला तोंड देतो असं खोक्यावर लिहिलं असलं तरी ती चाचणी गोड्या पाण्याची असते, खाडीच्या खाऱ्या पाण्याची नाही. तो बंद करा आणि दुरुस्तीला न्या.

पुढची काच

वर लावलेला यूव्ही फिल्टर काढा आणि तोच फोटो परत घ्या. फरक दिसला तर दोष फिल्टरचा. स्वस्त फिल्टरवर कोटिंग नसतं, समोरून ऊन आलं की तो स्वतःच चमकतो. याला काही सेकंद लागतात आणि तरीही ही तपासणी लोक शेवटी करतात.

मग फोनचा टॉर्च काचेवर तिरका मारा. समोरून मारला तर काही दिसत नाही, तिरका मारला की सगळं उघडं पडतं. भरतीच्या वेळी वारा असेल तर जेट्टीच्या दगडांवर आपटणाऱ्या पाण्याचे बारीक तुषार उडतात. ते सुकले की काचेवर अगदी छोटे, काठाला पांढरे आणि मधे पारदर्शक असे गोल राहतात. ते मीठ. ते कोरड्या कापडाने कधीही घासू नका. स्फटिक काचेच्या कोटिंगवर ओरखडे काढतात. आधी ब्लोअरने फुंका (तोंडाने नाही, थुंकी उडते), मग मायक्रोफायबरच्या कापडाचं टोक लेन्स क्लीनरने किंवा शुद्ध पाण्याने जेमतेम ओलं करून मीठ विरघळू द्या, हलक्या हाताने मधून बाहेर फिरवा, आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपा. शर्टाचं टोक नको.

बॉडी आणि ट्रायपॉडचे पायही त्याच दिवशी ओल्या कापडाने पुसा. ट्रायपॉडच्या खालच्या जोडांत खारा चिखल राहिला तर दोन-तीन आठवड्यांत स्क्रू फिरेनासे होतात.

लेन्सहूड लावा. तिरक्या उन्हाने येणारा पांढरेपणा त्याने जातो आणि तुषारही थोडे अडतात.

सेटिंग: थोडक्यात

ढगाळ आकाश मोठं असलं की कॅमेरा ते करडं करायला बघतो आणि चित्र मेल्यासारखं दिसतं. हिस्टोग्राम (फोटोतला काळोख-उजेड दाखवणारा आलेख) बघून थोडं उजळ घ्या, पण आलेख उजव्या कडेला आपटू देऊ नका. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा. नंतर संगणकावर धुरकटपणा कमी करायची पट्टी असते, ती शेवटचा हात म्हणून वापरा. जळालेलं आकाश तिने परत येत नाही. आणि सगळं स्पष्ट यावं म्हणून एफ २२ वर जाऊ नका (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान). इतक्या लहान छिद्रातून प्रकाश पसरतो आणि उलट सगळंच मऊ येतं. एफ ८ ते एफ ११ पुष्कळ झालं.

चिखल तापला की टेलिलेन्स काही करू शकत नाही

ही तक्रार फ्लेमिंगोवाल्यांची. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झालेला भाग २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे, आणि हिवाळ्यापासून मे अखेरपर्यंत मोठ्या लेन्सा घेऊन माणसं येतात. ओहोटीला उघडा पडलेला काळा चिखल ऊन चढलं की तापतो, त्यावरची हवा हलायला लागते आणि लांबचा पक्षी पाण्यात पाहिल्यासारखा दिसतो. फोकस तपासून, लेन्स बदलून उपयोग नाही. ओळखायची खूण: जवळच्या खांबावर फोकस करून बघा. तो सुरीसारखा आला तर लेन्स शाबूत आहे.

यावर दोनच उपाय, अंतर कमी करणं आणि लवकर जाणं. अंतर कमी करायला चिखलात उतरायचं नाही, त्याबद्दल पुढे लिहितो. पाणी चढलं की बरेचसे पक्षी चिखल सोडून नेरुळ-सीवूड्सकडच्या आतल्या पाणथळ जागांवर येऊन बसतात. तिथे भरतीच्या वेळी काठावरूनच ते जवळ मिळतात आणि खाली तापलेला चिखलही नसतो.

वेळ चुकली असेल तर: तिथी आणि पाणी

सगळं तपासून झालं, काच स्वच्छ, हवा स्वच्छ, तरी चित्रात दम नाही. अशा वेळी मी आधी विचारतो, पाणी कुठे होतं? करडं आकाश आणि खाली करडा चिखल असेल तर रंग येणार कुठून? पाणी भरलेलं असतं तेव्हा ते आकाशाचा रंग घेतं आणि तळापासून वरपर्यंत चित्र उजळतं. चिखल त्यातलं फार थोडं परत देतो.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतं. मुंबईच्या वेळा अपोलो बंदराच्या असतात; खाडीत जितकं आत याल तितकं पाणी उशिरा चढतं हे ध्यानात धरा. पण महिनाभराचा बेत आखायला मला जुना कोळी हिशेबच जास्त सोपा वाटतो. दिवाळ्याच्या जेट्टीवर जाळं सोडवत बसलेल्या एका मामांना मी विचारलं होतं, "मामा, आज पाणी किती वाजता भरेल?" त्यांनी वरही न बघता उलट विचारलं, "आज तिथ कंची?" म्हटलं षष्ठी. "मंग साडेचारला."

तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. पहाटे एकदा आणि संध्याकाळी एकदा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण बेतापुरतं चालतं. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणून रोज वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते.

आता हे सूर्यास्ताला लावून बघा. आपल्याकडे सूर्य नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर. म्हणजे हिवाळ्यात भरल्या पाण्यावरचा सूर्यास्त अष्टमीच्या आसपास मिळणार आणि जून-जुलैत नवमी-दशमीला. उलट पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते, त्यामुळे उधाणाचं पाणी कितीही मोठं असलं तरी सूर्योदय आणि सूर्यास्त ओहोटीला पडतात. पौर्णिमेचा उगवता चंद्र पाण्यात पकडायला मीठबंदरावर जाणाऱ्यांना चिखल मिळतो तो यामुळे. अष्टमीची भरती भांगाची, पाणी उधाणाइतकं चढत नाही. जेट्टीच्या पायऱ्या झाकल्या जातील अशी अपेक्षा ठेवू नका. पण वारा पडलेला असेल तर हेच पाणी संथ असतं आणि प्रतिबिंब स्वच्छ येतं.

दिशाही बघून घ्या. ठाणे पूर्वेला खाडी पूर्वेकडे, म्हणून तिथे सकाळ. नवी मुंबईच्या काठावरून खाडी पश्चिमेकडे, म्हणून तिथे संध्याकाळ. आणि सूर्य वर्षभर एकाच जागी मावळत नाही: जूनमध्ये पश्चिमेच्या उत्तरेला सुमारे २५ अंश, डिसेंबरमध्ये दक्षिणेला तितकाच. जानेवारीत पुलाच्या खांबांमध्ये मिळालेला सूर्य मे महिन्यात तिथे नसतो.

सेन्सरवरचे ठिपके

एफ १६ करा, फोकस मुद्दाम घालवा, मोकळ्या आकाशाचा फोटो घ्या. ठिपके दिसले तर घरी, पंखा बंद करून, कॅमेरा तोंड खाली धरून ब्लोअरने फुंका आणि परत बघा. बहुतेक धूळ एवढ्यावर जाते. दोनदा फुंकून न गेलेला ठिपका सुकलेल्या पाण्याचा किंवा तेलाचा डाग असतो. तो कापूस, इअरबड वगैरेने काढायला जाऊ नका. हे काम साफ करणाऱ्याकडेच द्या.

बुरशी, आणि हात कुठे थांबवायचा

लेन्स काढा, छिद्र पूर्ण उघडा, मागून टॉर्च मारून पुढून तिरकं बघा. काचेच्या कडेकडून आत येणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर बुरशी. एखाद-दुसरा धुळीचा कण प्रत्येक लेन्समध्ये असतो, त्याला घाबरू नका.

बुरशी खाडीवर लागत नाही, घरी लागते. भिजलेली बॅग तशीच बंद करून कपाटात ठेवली की आठवड्याभरात तिला हवं ते सगळं मिळतं. आल्यावर बॅग उघडी करून पंख्याखाली वाळवा. लेन्सा हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर घालून ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवून परत वापरता येतं, मात्र निळं जेल स्वयंपाकाच्या भांड्यांत नको, त्यातलं कोबाल्ट विषारी असतं.

तंतू दिसले की ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि तिथेच थांबा. उन्हात ठेवून तंतू जात नाहीत. घरी लेन्स उघडली तर काचा परत सरळ रेषेत बसवणं हाताने होत नाही, मग बुरशी जाते आणि फोकस बिघडतो. कॅमेऱ्यासोबत आलेल्या साध्या लेन्समध्ये खूप बुरशी असेल तर सफाईवर खर्च करू नका असं माझं मत आहे. चांगल्या लेन्सला मात्र लगेच न्या; उशीर केला तर कोटिंग खाल्लं जातं आणि ते परत येत नाही.

आतल्या काचेवरचं दव कोरड्या जागी चोवीस तास ठेवूनही गेलं नाही, झूम किंवा फोकसची कडी फिरवताना आत वाळू घासल्यासारखा आवाज आला, किंवा कॅमेरा खाडीत पडला, तर तपासण्या बंद करून थेट दुरुस्तीवाल्याकडे जा. पाण्यात पडलेला कॅमेरा "चालतोय का" म्हणून सुरू करू नका. बॅटरी आणि कार्ड काढा, तांदळात पुरू नका, त्याच दिवशी न्या. खारं पाणी आतल्या पट्ट्या तासातासाने खात असतं.

माणसानेही कुठे थांबायचं ते ठरलेलं असावं. वीज चमकायला लागली की ट्रायपॉड मिटून जेट्टी सोडायची. शेवाळलेल्या पायऱ्यांवर उतरायचं नाही. आणि ओहोटीच्या चिखलात पाय घालायचा नाही. तो वरून घट्ट दिसतो, आत माणूस मांडीपर्यंत रुततो आणि पाणी परत यायला फार वेळ लावत नाही. चौकट मोकळी करायला तिवरांच्या फांद्या मोडू नका, कांदळवन कायद्याने संरक्षित आहे. दोन पावलं सरकलं तरी चौकट मिळते.

दुरुस्तीला जाताना तीन फोटो सोबत न्या: भिंतीवरच्या कॅलेंडरचा, एफ १६ वर काढलेल्या आकाशाचा, आणि खाडीवरचा खराब आलेला. काय काय तपासून झालं ते सांगा, लेन्स उघडण्याआधी खर्चाचा अंदाज लेखी मागा, आणि परत घेताना तिथेच दुकानात टॉर्च मारून बघा.